आधी सुटका, मग आज्ञा

येशूवर विश्वास ठेवणाऱ्याने तोरा (मोशेचे नियमशास्त्र) पाळणे म्हणजे देवाची कृपा नाकारणे होय, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात देव आज्ञा देण्यापूर्वी आपण इस्राएलाला मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून बाहेर आणल्याचे सांगतो. म्हणजे सुटका आधी झाली आणि आज्ञा नंतर आल्या. आमच्या अलिबाग परिसरातील बेने इस्राएल हे यहुदी लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तो विसावा त्यांनी देवाची मर्जी विकत घेण्यासाठी नव्हे, तर आपण त्याचे आहोत म्हणून पाळला, असे मी मानतो. मी ख्रिस्ती असून शब्बाथ (शनिवारचा विसावा) पाळतो, आणि लेवीयच्या 11व्या अध्यायानुसार पंख व खवले असलेला बांगडा खातो, पण कोळंबी, कुर्ल्या, मोरी (शार्क मासा) घरात आणत नाही (किनाऱ्यावर राहून हे सोपे नाही). तरीही कोळंबी खाणारा माझा सख्खा भाऊ प्रभूपासून दूर आहे असे मी कधीही म्हणणार नाही, कारण प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15 मधील यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे ओझे लादले नाही, आणि गलतीकरांस पत्र लिहिताना प्रेषित पौलाचा रोष नियमशास्त्रावर नसून त्याला तारणाची अट बनवणाऱ्यांवर आहे.