साइटनं '१०' दाखवलं म्हणून लॅपटॉप परत करू नका

लातूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "सावधान! दुकानदार विंडोज ११ सांगून विंडोज १० गळ्यात मारायलेत. ऑपरेटिंग सिस्टीम ओळखणारी कुठलीही साइट उघडा. साइट थेट कॉम्प्युटरच्या आतलं वाचते, तिच्यापुढं खोटं चालत नाही. १० आलं तर तुम्ही फसलात. मॅक नाहीतर लिनक्स आलं तर हॅक झालात. लगेच लॅपटॉप परत करा."

माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. लॅपटॉप मी विकत नाही, तेव्हा विकणाऱ्यांची वकिली करायचं मला कारण नाही. पण या मेसेजपायी निलंग्याकडचे एक मामा परवा पोरीचा नवा लॅपटॉप पिशवीत घालून एसटीनं आले. दुकानदाराशी भांडायच्या आधी कुणीतरी बघून सांगावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

"साइट कॉम्प्युटरच्या आतलं वाचते." नाही वाचत. पान मागताना ब्राउझर सोबत एक ओळ पाठवतो, तिला यूजर एजंट म्हणतात. आपण कोण, कुठल्या सिस्टीमवर चालतो, हे त्या ओळीत असतं. साइट ती वाचते आणि अंदाज ठोकते. पाहुण्यानं दारात जे नाव सांगितलं तेच खरं धरायचं, असा कारभार. आणि नाव सांगण्यात हे पाहुणे पहिल्यापासून लबाड. क्रोम, एज, सफारी, फायरफॉक्स, कुणाचीही ओळ उघडून बघा, सुरुवात 'मोझिला ५.०' अशीच. नव्वदच्या दशकात नेटस्केपचा ब्राउझर स्वतःला मोझिला म्हणवायचा आणि कित्येक साइट त्यालाच चांगलं पान द्यायच्या. मग मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररनंही ओळीत मोझिला लिहायला सुरुवात केली. पुढं जो आला त्यानं तेच केलं. नेटस्केप केव्हाच गेलं, टोपणनाव राहिलं.

"१० आलं म्हणजे विंडोज १०." सगळा घोटाळा इथं आहे. त्या ओळीत 'विंडोज १०' असं लिहिलेलंच नसतं, 'विंडोज एनटी १०.०' असं असतं. एनटीपुढचा आकडा हा विंडोजचा आतला आकडा. एनटीचा आकडा आणि खोक्यावरचा आकडा यांचं कधी फारसं जमलेलं नाही. विंडोज ७ चा एनटी आकडा ६.१, विंडोज ८ चा ६.२, ८.१ चा ६.३. विंडोज १० ला दोन्ही आकडे जुळले आणि लोकांना वाटलं, हे असंच असतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, पण आतला आकडा १०.० च राहिला, फक्त बिल्ड नंबर, म्हणजे त्या आवृत्तीचा बारीक क्रमांक, वाढून २२००० पासून सुरू झाला. ब्राउझरही तोच १०.० सांगतात. म्हणजे नुसत्या त्या ओळीवरून १० आणि ११ वेगळे काढता येतच नाहीत, साइट कितीही हुशार असली तरी.

उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या मार्कमेमोवर उस्मानाबादच आहे, म्हणून मेमो बोगस होतो का?

मामांची पोरगी म्हणाली, "पण दुसऱ्या एका साइटवर ११ दाखवायलंय की!" बरोबर आहे. क्रोम आणि एज यांना साइटनं वेगळं विचारलं तर ते सिस्टीमची आवृत्ती स्वतंत्रपणे कळवतात. त्यातही गंमत अशी की विंडोज ११ असेल तर उत्तर ११ येत नाही. १३ किंवा त्याहून मोठा आकडा येतो, आणि त्याचा अर्थ ११ हे साइटला माहीत असावं लागतं. फायरफॉक्स असलं काही कळवत नाही. तेव्हा एकाच लॅपटॉपवर एक साइट १० म्हणते, दुसरी ११, आणि लॅपटॉप दोन्ही वेळा तोच.

ॲपलचीही हीच तऱ्हा. २०२० मध्ये मॅकची ११ वी आवृत्ती आली, तेव्हा १० च्या पुढचा आकडा काही साइटना पचला नाही. म्हणून ब्राउझरांनी २०१९ च्या १०.१५ वरच ओळ गोठवून टाकली. मॅकमध्ये ॲपलची स्वतःची चिप असली तरी ओळीत अजून 'इंटेल' आहे.

"मॅक किंवा लिनक्स आलं तर हॅक." आपल्याकडं निम्मे फॉर्म मोबाईलवर भरले जातात. पान नीट दिसेना की पोरं क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' वर टिक करतात. टिक केली की अँड्रॉइड फोन स्वतःला लिनक्सचा कॉम्प्युटर म्हणवतो. आयपॅडचा सफारी तर २०१९ पासून आपणहून मॅक असल्याचं सांगतो. म्हणून 'लिनक्सवरून लॉगिन झालं' असा मेल आला तर आधी वेळ बघा. त्या वेळी तुम्हीच फॉर्म भरत होता का? नसाल, तर मात्र पासवर्ड बदला.

"लॅपटॉप परत करा." फसवणूक होतच नाही असं मी म्हणत नाही. सेकंडहँड मशीनवर चोरीचं विंडोज टाकून देणारे आहेत, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपल्यापासून लोकांची धास्ती वाढली, ती रास्तच आहे. पण साइट उघडून यातलं काही कळत नाही. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत टाईप करा, एंटर मारा. येणाऱ्या चौकटीत बिल्ड २२००० किंवा पुढचा असेल तर विंडोज ११. १९ हजारांच्या घरातला असेल तर विंडोज १०, मग दुकानदाराला जाब विचारा. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन आहे, म्हणजे विंडोज रीतसर परवान्यावर चालू झालंय का, तेही बघून घ्या.

मामांच्या लॅपटॉपवर २२६३१ निघाला. ॲक्टिव्हेशनही झालेलं. तरी त्यांचं समाधान होईना, म्हणून तीच साइट त्यांच्या फोनवर उघडून दाखवली. फोन अँड्रॉइड १४ चा, साइट म्हणते अँड्रॉइड १०, कारण क्रोम आता सगळ्याच अँड्रॉइड फोनांवरून सरसकट १० च सांगतो. मामांनी फोन उलटासुलटा करून बघितला.

"मग ह्यो बी परत करू का?"