मीटर बघू नकोस, पेडल बघ

जुन्या गाड्यांवरच्या माझ्या सल्ल्यावर तू लिहिलंस, ‘काका, ७०,००० किमी चाललेली वॅगन-आर घ्या म्हणणं म्हणजे लोकांच्या गळ्यात भंगार बांधणं. इंदूरमध्ये त्याच पैशांत २०१६ ची, २०,००० चाललेली मिळते. आणि १५ वर्षांनी गाडी मोडीतच काढायची, तर टिकण्याच्या गप्पा कशाला?’ काका म्हणालास, तेव्हा अरे-तुरे करतो.

तसली गाडी मी मेहुण्यासाठी सुदामा नगरात पाहिली होती. मीटर २२,०००. दार उघडलं तर ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, एका कोपऱ्यात खालचं लोखंड दिसत होतं. ड्रायव्हर सीटची कड पार बसलेली. चारही टायरवर ३११९, म्हणजे २०१९ चा ३१ वा आठवडा. एवढ्याशा चालीत चारही टायर कोण बदलतं? विकणारा म्हणे, ‘भाईसाहब, मॅडम ही चलाती थीं.’ वर्कशॉपमधल्या ओळखीच्या माणसाकडून नंबरावरून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी काढवल्या. शेवटची नोंद ६८,००० ची, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं! चहा यायच्या आत आम्ही उठलो.

बरं, मीटर खरं निघालं तरी मी लगेच हुरळत नाही. इथल्या रामबागेतून जवळच्याच राजवाड्यापर्यंत जायचं आणि परत दारात उभी करायची, अशा गाडीचं इंजिन धड तापतच नाही; ऑइलमध्ये पाणी साचत राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडून बघ, आतून लोण्यासारखा पांढरट साका दिसतो. महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी बसते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. त्यापेक्षा दर दोन-चार महिन्यांनी मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरचा बिजासन घाट उतरून पुण्याला जाऊन येणारी, वेळच्या वेळी ऑइल बदललेली ७०,००० ची गाडी मी डोळे मिटून घेईन. डोळे मिटून म्हणजे, बिलं बघून.

एका बाबतीत मात्र तू मला बरोबर पकडलंस. त्या सल्ल्यात ह्युंदाईची जुनी आय-टेन सुचवताना मी १.१ आणि १.२ लिटर इंजिनाच्या गाड्या एकाच तागडीत टाकल्या. इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवायला १.१ ला रबरी टायमिंग बेल्ट आहे, जो ठरावीक काळाने बदलावा लागतो; १.२ च्या ‘कप्पा’ इंजिनाला सहसा न बदलावी लागणारी चेन. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करायला हवा, हे लिहायचं राहिलं. वॅगन-आरच्या ९९८ सीसी के-सिरीज इंजिनाला चेनच आहे, म्हणून तर माझा तिच्याकडे कल.

१५ वर्षांचं म्हणशील तर पेट्रोल गाडीवरची ती बंदी दिल्ली-एनसीआरसाठी होती. आपल्याकडे आरटीओची फिटनेस तपासणी पास करून आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, ५-५ वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी मात्र ५,००० रुपये झाली.

तू हेरलेली गाडी बघायला सकाळी सातला जा, आणि आधी कळवू नकोस. पोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर कुणीतरी तुझ्याआधी ती स्टार्ट करून ठेवलीय, आणि थंड इंजिनाचा दोष सांगणारा आवाज तू ऐकू नयेस म्हणूनच. पेडलचा आणि टायरवरच्या आकड्यांचा फोटो इथेच टाक, बघून सांगतो.