47 टक्के आणि फायनान्सची नोकरी: डिचोलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

कमी गुण असले तरी फायनान्समध्ये शिरता येतं, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "मुलाला बी.कॉम.ला 47 टक्के, दोन विषय एटीकेटीने सुटले. पणजीतल्या पाटोवरच्या एकाही ऑफिसातून बोलावणं नाही. गोव्यात वशिल्याशिवाय काही होत नाही, तुम्ही मुलांना खोटी आशा लावता." आपला राग समजतो, आणि त्यातला एक दोष मला मान्य आहे. टक्क्यांची अट नेमकी कुठे आडवी येते आणि कुठे येत नाही, हे त्या लेखात सांगायचं राहिलं. ते आता सांगतो.

जिथं अट आहे ती ठिकाणं आधी. रिझर्व्ह बँकेच्या असिस्टंट पदाला खुल्या गटातून पदवीला 50 टक्के लागतात, ग्रेड बी अधिकाऱ्याला 60. सीएच्या दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे इंटरला, थेट प्रवेश हवा तर वाणिज्य पदवीला 55. इथं मुलाने आज फॉर्मचे पैसे घालवू नयेत. टक्के वर ओढूनही उपयोग नाही. बँकभरतीच्या जाहिरातींत स्पष्टच छापलेलं असतं की 59.99 म्हणजे 60 पेक्षा कमी. पाटोवरची मोठी ऑफिसंही बहुतेक शाखा आहेत. त्यांची भरती वरून होते, ऑनलाइन फॉर्मात टक्क्यांचा रकाना असतो आणि चाळणी तिथंच लागते. बायोडेटा कुणाच्या हातात पडायच्या आधीच बाद होतो. बोलावणं न येण्याचं कारण मला तरी इथं दिसतं.

पण या अटींना बगल देणाऱ्या सरळ, कायदेशीर वाटा आहेत. ग्रेड बीला पदवीऐवजी पदव्युत्तर पदवीचे 55 टक्के चालतात, म्हणजे एम.कॉम. नीट केलं तर तो मार्ग खुला होतो, फक्त वयाची मर्यादा 30 आहे. सीएला पहिल्या टप्प्यातून, म्हणजे फाउंडेशनमधून जायचं तर बारावी पास पुरे. चार पेपर, प्रत्येकी 100 गुणांचे, प्रत्येकात 40 आणि एकूण 200 हवेत. शेवटचे दोन वस्तुनिष्ठ आहेत आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, त्यामुळे अंदाजाने गोल काळे करणारी मुलं तिथं मार खातात. सीएमएला, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमाला, तर पदवीधर टक्क्यांच्या अटीशिवाय थेट इंटरला बसतो. यांतला कुठलाही एकच धरायचा. तिन्हींची नोंदणी करून बसलेल्याचं एकही पुरं होत नाही.

सरकारी बँकांच्या क्लार्क आणि पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षांना पदवी पुरते, किमान टक्के नाहीत. क्लार्कची पूर्वपरीक्षा 100 प्रश्नांची, 60 मिनिटांची, तिन्ही विभागांना 20-20 मिनिटं. क्लार्कला मुलाखत नसतेच, त्यामुळे 47 टक्क्यांवरून तोंडी प्रश्न यायची भीती नाही. आपल्या मराठी शाळांतल्या मुलांचं अडतं ते दुसरीकडे. गोव्यातल्या जागांसाठी स्थानिक भाषा कोंकणी आहे, आणि ती वाचता-लिहितासुद्धा यावी लागते. घरी कोंकणी बोलणारं मूल देवनागरीत अर्ज लिहायला बसलं की शब्दाशब्दाला मराठीत घसरतं. रोज अर्धं पान कोंकणी लिहायची सवय तीन-चार महिने आधी लावावी.

म्युच्युअल फंड वितरकाचं प्रमाणपत्र, म्हणजे एनआयएसएम या शेअरबाजार-शिक्षण संस्थेची व्ही-ए परीक्षा, 100 प्रश्न, दोन तास, 50 टक्क्यांना पास, उणे गुण नाहीत. महिनाभराचा अभ्यास पुरतो, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. त्याच्या जोरावर लगेच घर चालेल असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नये. ट्रेल कमिशन, म्हणजे गुंतवणूक टिकून असेपर्यंत वितरकाला मिळत राहणारं कमिशन, वर्षाला शेकडा 0.8 धरलं तर एक कोटीच्या गुंतवणुकीवर वर्षाचे 80,000 होतात, म्हणजे महिन्याला साधारण 6,667 रुपये. लोकांची कोटभराची गुंतवणूक विश्वासाने हाती यायला वर्षं जातात. आणि "फायनान्समध्ये नोकरी" म्हणून बोलावून पहिल्याच दिवशी नातेवाइकांची यादी मागणारी किंवा प्रशिक्षणाचे पैसे भरायला लावणारी जागा दिसली तर तिथूनच परत फिरावं.

मुलासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती वाट वेगळीच आहे, आणि ती डिचोलीहून फार लांब नाही. म्हापसा, फोंडा, पणजी, मडगाव इथल्या लहान सीए ऑफिसांत आणि हॉटेलांच्या अकाउंट्स विभागांत हात हवे असतात. तिथला मालक स्वतः समोर बसून बघतो की या मुलाला हिशेब जुळवता येतो का. हे एका उदाहरणावरून सांगतो, कारण गोव्यात हा प्रसंग रोजचा आहे.

कळंगुटचं छोटं हॉटेल, खोली 4,000 रुपये, एक रात्र. 7,500 पर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे, इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे हॉटेलने खर्चावर भरलेला जीएसटी त्यातून वजा करता येत नाही. पाहुण्याने बुकिंग साइटवर 4,200 भरले. साइटचं कमिशन 15 टक्के धरू, 600 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 108. जीएसटीचा टीसीएस, म्हणजे साइटने सरकारसाठी आधीच कापून घेतलेला कर, अर्धा टक्का, 20. आयकराचा टीडीएस 0.1 टक्का, 4. बँकेत जमा झाले 3,468.

नवशिका 3,468 हीच विक्री म्हणून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. साइटने मात्र सरकारला 4,000 ची विक्री कळवलेली असते. आकडे जुळत नाहीत आणि काही महिन्यांनी नोटीस येते. बरोबर नोंद अशी: विक्री 4,000 आणि जीएसटी देणं 200 जमेला. नावे बाजूला बँक 3,468, कमिशन 708, आणि टीसीएस-टीडीएस मिळून 24 येणं. कमिशन 600 नव्हे, 708, कारण त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट या हॉटेलला मिळत नाही, तो खर्चच. टीसीएसचे 20 रुपयेही आपसूक मिळत नाहीत. जीएसटी पोर्टलवर जाऊन ते स्वीकारले तरच तिथल्या कॅश लेजरला, म्हणजे हॉटेलच्या रोख खात्याला, येतात. मोसमात अशी शेकडो बुकिंगं होतात आणि या 20-20 रुपयांकडे कुणी बघतच नाही.

मुलाने एक्सेलमध्ये अशा 50 बुकिंगांची काल्पनिक यादी करावी. तीत दोन रद्द झालेली, एक पाहुणा न आलेला, एक महिनाअखेरीच्या रात्रीचा, आणि बँकेत चार बुकिंगांचे पैसे एकत्र जमा झालेले असावेत. मग ताळमेळ लावायचा. जुळवणी बुकिंग क्रमांकावरून करावी, रकमेवरून नव्हे, कारण त्याच रकमा पुन्हा पुन्हा येतात. दोन शीटमधल्या नोंदी जुळवणारं एक्सेलचं व्हीलुकअप सूत्र चालत नसेल तर बहुतेक वेळा एका शीटमध्ये क्रमांक आकडा म्हणून आणि दुसरीत मजकूर म्हणून बसलेला असतो, किंवा शेवटी एक मोकळी जागा चिकटलेली असते. ट्रिम हे सूत्र वापरून ती काढता येते. न जुळलेल्या प्रत्येक ओळीसमोर कारण लिहायचं. उचंत खात्यात, म्हणजे न उलगडलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, ढकलून मोकळं व्हायचं नाही, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच खात्यावर येतो.

बायोडेटात 47 टक्के लपवू नयेत. पदवीचं वर्ष गाळलं की संशय वाढतो, आणि वाढवून लिहिलेले गुण पडताळणीत सापडतात. विचारलं तर कारण दोन वाक्यांत खरं सांगावं आणि लगेच ताळमेळाचे कागद पुढे करावेत.

वशिल्याबद्दल आपण म्हणता ते खोटं नाही. लहान ऑफिसांत माणसं ओळखीतूनच घेतली जातात. पण तिथं शब्द टाकणाऱ्याला स्वतःचं नाव राखायचं असतं. गावातल्या ज्या दुकानदाराचा, सोसायटीचा किंवा देवस्थानचा हिशेब मुलगा सहा महिने चोख ठेवील, तो माणूस आपल्या सीएकडे त्याचं नाव नक्की काढील.

भेटायला जाण्याचे दिवसही बघून ठरवावेत. 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी या जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांची मुदत असते, त्यामुळे त्या आधी ऑफिसात कुणाला मान वर करायला सवड नसते. सप्टेंबरचा शेवट टॅक्स ऑडिटचा. इतर महिन्यांत 22 ते 27 च्या दरम्यान, दुपारी जेवणानंतर, ताळमेळाची दोन छापील पानं घेऊन जावं आणि एवढंच म्हणावं: "हे मी केलंय, यात चूक कुठे आहे ते सांगाल का?"