आठ बाय पाचचा डाला

लोखंड कडक असतं, हा समज ज्यांनी ते कधी वेल्ड केलं नाही त्यांचा. नागपुरात, मे महिन्यात, घराच्या पोर्चमध्ये छोट्या ट्रकचा सपाट डाला, म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग, बनवायला घेतला की कळतं, लोखंडालाही स्वतःची मतं असतात. गल्लीला तर असतातच.

गल्लीचं पहिलं मत फाटकातूनच येतं : "भाऊ, जाड घ्या ना. तीन एमएमनं काय होते?" काय होतं ते वजनकाट्यावर दिसतं. आठ बाय पाच फुटांचा डाला म्हणजे ३.७ चौरस मीटर. तीन एमएम चेकर पत्रा (उठावाच्या नक्षीचा) चौरस मीटरला साधारण २५ किलो, म्हणजे नुसता पत्राच ९३ किलो. खाली ७५ एमएमच्या चॅनलचे दोन रनर, म्हणजे लांबीभर जाणारे उभे, ३४ किलो. आडवे सात क्रॉस मेंबर, ५० बाय ५० चा तीन एमएम चौकोनी पाइप, ४६ किलो. भोवतीने ५० बाय ५ चा अँगल, ३० किलो. पुढची जाळी, तीन फळके (उघडणाऱ्या बाजू), बिजागऱ्या, कड्या धरल्या की आकडा तीनशेच्या घरात जातो. आता गल्लीचं ऐकून पत्रा पाच एमएम घेतला की आणखी ५८ किलो. गाडीची क्षमता साडेसातशे किलो असेल, तर हा प्रत्येक किलो भाड्याच्या मालातून वजा होतो. मजबुतीचा सल्ला देणारा माणूस भाडं भरून देत नाही. शिवाय पत्रा जाड केल्यानं डाला मजबूत होतोच असं नाही. वाकतो तो दोन आडव्यांच्या मधला भाग, तेव्हा आडवे ४०० एमएमवर ठेवले की तीन एमएम पुरतो.

खरेदीला इतवारीत लोहा ओळीत जावं, आणि खिशात व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) घेऊन जावं. सगळं किलोवर मिळतं, त्यामुळे तीन एमएम म्हणून दाखवलेला पत्रा २.७ निघाला तरी पैशात फारसं फसत नाही. फसतो तो मजबुतीचा हिशेब. चेकर पत्रा मोजताना नक्षीवर नाही, नक्षीच्या मधल्या सपाट जागेवर मोजायचा. चॅनल-अँगल वीस फुटी येतात, म्हणून तुकड्यांची यादी घरूनच करून न्यावी. आणि पत्रा सहसा आठ बाय चारचा मिळतो. गाडी पाच फूट रुंद. पाच फुटी पत्रा मागितला तर मिळतोही, पण आज नाही. तो नेहमी परवा येणार असतो. थांबायचं नसेल तर एक फुटाची पट्टी जोडावी लागते. हा जोड डाल्याच्या लांबीभर जातो आणि त्याच्याखाली लोखंड लागतंच, म्हणून रनर कुठे येणार ते आधी पाहून जोड त्याच्यावर बसवायचा. रनरची जागा चेसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, ठरवते, आपण नाही. जुळत नसेल तर जोडाखाली वेगळी पट्टी द्यायची. अधांतरी जोड पहिल्याच सिमेंटच्या खेपेला फाटतो.

मग येतो काटकोन. इथं खरी दमछाक. पोर्चच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, तोही सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे फरशीवर मांडलेली फ्रेम पिळाची होते. विटांवर दोन सरळ चॅनल ठेवायचे, गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं एका पातळीत आणायचे आणि त्यावर फ्रेम मांडायची. हातातल्या एक फुटी गुण्यावर (काटकोन तपासायच्या पट्टीवर) फार विसंबू नये. फुटाला एक एमएम चुकला की आठ फुटांवर आठ एमएम. त्यापेक्षा कर्ण मोजावेत. २४४० बाय १५२५ च्या चौकटीचे दोन्ही कर्ण २८७७ एमएम यायला हवेत. दोघांत दोन-तीन एमएमचा फरक चालतो. दहाचा आला की कुणीतरी म्हणणारच, "ऊन पाहा ना भाऊ, लोखंड वाढते."

वाढतं. पण किती? सकाळी २८ अंशांवर असलेलं लोखंड दुपारी ६५ अंशांना पोचलं, म्हणजे हात लावायची सोय राहिली नाही, तरी आठ फुटांत वाढ होते जेमतेम एक एमएम. तीही सगळ्या बाजूंनी सारखी, त्यामुळे काटकोन जागच्या जागी. वर टेपही पोलादी, तोही त्याच उन्हात तेवढाच वाढलेला. नागपूरच्या उन्हावर पुष्कळ गोष्टी ढकलता येतात, कर्णातला फरक नाही.

तो फरक वेल्डिंगचा. वेल्ड थंड होताना आकसतं आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतं. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके (वेल्डचे छोटे तुकडे), मग कर्ण, मग हातोड्यानं एक कोपरा सरकवून पुन्हा कर्ण. पुरतं वेल्ड त्यानंतर, आणि तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीनं. एका बाजूनं सुरुवात करून दुसऱ्या बाजूला संपवणारा माणूस चौकोनात सुरू होतो आणि पतंगात संपतो. पत्र्याचं आणखी नाजूक. एका दमात लांब वेल्ड ओढलं की पत्रा भाजलेल्या पापडासारखा फुगतो, आणि मग त्यावर उभं राहिलं की टिण्‌ वाजतो. गाडी चालताना तो आवाज सोबतीला. खालून चाळीस-चाळीस एमएमचे टाके, मध्ये दीडशेची जागा, मधोमध सुरू करून कडेकडे. जोडाच्या शिवणीला मात्र सलग वेल्ड लागतं, तेही तुकड्यातुकड्यानं, जागा बदलत.

एवढं सगळं कळूनही वीज आपली नसते. सव्वातीन एमएमच्या वेल्डिंग रॉडला ११० अँपिअरच्या आसपास करंट लागतो, अडीचच्या रॉडला ८० च्या आसपास. छोटं इन्व्हर्टर मशीन घरच्या सिंगल फेजवर चालतं, पण दुपारी दोनला गल्लीतल्या प्रत्येक घरात कूलर गरगरत असतो, व्होल्टेज बसतं, आर्क (वेल्डची ठिणगी) मरतो आणि रॉड चिकटते. मग शेजारच्या काकू गॅलरीत येऊन विचारतात, "तुमच्यामुळंच लाइट डिम होऊन राहिली का जी?" उलट आहे, काकू, पण ते समजवायला वेल्डिंग थांबवावं लागतं. पहाटे साडेपाच ते आठ हीच वेळ खरी. ऊन नाही, व्होल्टेज आहे, काकू झोपलेल्या. एक्स्टेन्शनची वायर चार स्क्वेअरची (चार चौरस एमएमची) घ्यावी आणि पूर्ण उलगडून ठेवावी. गुंडाळलेल्या रिळावर मशीन चालवली की आतली वायर वितळते.

यानंतर गल्लीचं सगळ्यात धोक्याचं मत : "काहून बोल्ट-फोल्ट करता? चेसिसवरच वेल्ड मारून द्या, खतम." हे ऐकायचं नाही म्हणजे नाही. चेसिस खड्ड्यात पिळते, पिळण्यासाठीच ती बनवलेली असते. डाला तिला वेल्ड केला की पीळ वेल्डच्या कडेशी साठतो आणि चेसिसला तिथं तडा जातो. रनर चेसिसवर ठेवायचे, मध्ये जाड रबराची पट्टी (जुन्या कन्व्हेयर बेल्टची उत्तम), आणि यू-बोल्टनं आवळायचं. चेसिस उघड्या चॅनलची असेल तर यू-बोल्टच्या जागी आतून ठोकळा बसवायचा, नाहीतर आवळता आवळता चॅनलच चिमटतो. ब्रेकचा पाइप आणि वायरिंग यू-बोल्टखाली दबलं नाही ना, ते हात फिरवून पाहायचं. नुसतं वाकून पाहिलेलं पुरत नाही. गाडीवर काही वेल्ड करावंच लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढायची, अर्थची क्लिप वेल्डच्या जवळच लावायची आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते आठवायचं.

टायरवरची जागा रिकाम्या गाडीत भरपूर दिसते. बंप स्टॉपर (चाकांचा दांडा, म्हणजे अॅक्सल, वर आदळू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) आणि अॅक्सलमधलं अंतर मोजा. टायर आणि डाल्यातलं अंतर त्याहून किमान ५० एमएम जास्त हवं, नाहीतर भरल्या गाडीत टायर डाल्याला घासतो. डिझेलचं झाकण उघडतं का आणि स्टेपनी निघते का, हेही डाला चढवण्याआधीच पाहायचं. पंक्चर वाडी नाक्यावरच होतं, घरी होत नाही.

फळक्याच्या तिन्ही बिजागऱ्यांतून एकच सरळ सळई ओवायची, टाके मारायचे, फळका उघडून-मिटून पाहायचा आणि मगच पुरतं वेल्ड. एकेक बिजागरी वेगळी लावली तर तिघींचे अक्ष तीन दिशांना, आणि फळका उघडायला दोन माणसं. चौकोनी पाइपची तोंडं बंद करावीत, खाली एक दहा एमएमचं भोक ठेवावं. पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे. रंगाचं थोडक्यात : तेल पुसा, लोखंडावरचा पापुद्रा घासा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. पत्रा आणि आडव्यांमधल्या फटीत सीलंट भरा, गंज तिथूनच सुरू होतो.

आरटीओचं खरं तर सर्वांत आधी. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ : आरसीतल्या नोंदींपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय नाही. परवानगी आधी, कटर नंतर. मागच्या अॅक्सलच्या मागे लोंबणारा भाग व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपलीकडे नको. २१०० एमएमच्या व्हीलबेसला १२६० एमएम. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. लाल पट्टी उरली म्हणून पुढे लावणारे महाभाग याच शहरात आहेत.

आणि पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा आवळायचे, रबर दबून ते सैल पडतातच. नट आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. तोवर गल्ली नव्या डाल्यावर बसून चहा पीत असते, तेव्हा आधी त्यांना उतरवावं आणि मग पाना लावावा.