आराखडा रात्रीपासून सुरू करा

गेल्या महिन्यात आमच्या वसतिगृहात डोळ्यांची साथ आली. सोमवारी सातवीतल्या एका मुलीचे डोळे लाल दिसले आणि गुरुवारपर्यंत १९ जणी झाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, कोरोनाच्या वेळची ती फाइल काढा, त्यात सगळा आराखडा आहे." फाइल सापडली. रात्री राउंड झाल्यावर मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. ४२ पानं. सॅनिटायझर आहे, थर्मल गन आहे, फाटकापासून वर्गापर्यंत आखायच्या गोलांचं माप आहे. टॉवेल हा शब्द एकदाही नाही. एका दोरीवर सत्तर टॉवेल वाळत असतात आणि घाईत जो हाताला येईल त्याने तोंड पुसलं जातं, हे ती फाइल लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. थोडं लांबेल, पण वाचा.

मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात एका आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. चौदा वर्षं झाली. मार्च २०२० मध्ये मुली पेट्या घेऊन घरी गेल्या, त्या दिवशी मी फाटकावर होते. आणि पुन्हा आल्या तेव्हाही.

शासनाने २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी दिली, त्यात वसतिगृहं आणि आश्रमशाळाही होत्या. सूचना काय होत्या? निम्मी मुलं एक दिवसाआड. शाळा चार तासांची. एका बाकावर एकच विद्यार्थी. शिक्षकांची आधी आरटीपीसीआर, पालकांचं लेखी संमतिपत्र. गावातल्या शाळेसाठी यातलं काहीच चुकीचं नव्हतं. पण आमच्याकडे एक दिवसाआड म्हणजे काय? ज्या मुलीचा आज वर्ग नाही, ती जाणार कुठे? ती त्याच इमारतीत, वीस पावलांवर, त्याच नळावर, त्याच जेवणाच्या रांगेत असते. दिवसा आम्ही मुलींना सहा-सहा फुटांवर बसवायचो आणि रात्री त्याच मुली शेजारीशेजारी अंथरूण टाकायच्या. आमच्या तीन खोल्या तर दिवसा वर्ग आणि रात्री झोपायची जागा. बाक भिंतीला लावायचे की झालं वसतिगृह. अशा आश्रमशाळा आजही कमी नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: निवासी शाळेचा आराखडा वर्गापासून नाही, रात्रीपासून लिहायचा असतो. मूल वर्गात सहा तास असतं. बाकीचे अठरा तास आमच्याकडे असतात, त्यातले आठ-नऊ तास एका बंद खोलीत, तोंडावर मास्क नसताना, झोपेत.

आणि त्या खोलीच्या खिडक्या बंद असतात, हे सगळ्यात मोठं. का बंद असतात, ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रात्री हुडहुडी भरते. वारा थेट डोंगरावरून येतो. जाळ्या फाटलेल्या, त्यामुळे डास. एका मुलीला एक ब्लँकेट, तेही तीन-चार वर्षं धुऊन विरलेलं. मी नऊ वाजता सगळ्या खिडक्या उघडून जायची आणि दहा वाजता परत आले की सगळ्या बंद. दोन दिवस मी रागावले. तिसऱ्या रात्री मी स्वतः त्या खोलीत, मुलींच्यात, त्यांचंच ब्लँकेट घेऊन झोपले. बारा वाजता मीच उठून खिडकी लावली.

सकाळी मुख्याध्यापकांना सांगितलं, हवा खेळती ठेवायची असेल तर दुसरं ब्लँकेट लागेल आणि जाळी लागेल. बाकी सगळं नंतर. वरच्या कार्यालयाला तसं पत्र गेलं. उत्तरादाखल सॅनिटायझरचे आणखी दोन खोके आले. शेवटी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली आणि बाजाराच्या दिवशी टेंपोतून ६० ब्लँकेटं आणली. जाळी मच्छरदाणीच्या कापडाची, स्वयंपाकीण मावशींनी हाताने शिवली. त्यानंतर खिडक्या रात्रभर उघड्या राहिल्या.

दोन उदाहरणं मला तेव्हा एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितली होती, ती अजून विसरले नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यात मुलांचं एक निवासी शिबिर झालं. येणाऱ्या प्रत्येकाकडून आधी निगेटिव्ह रिपोर्ट घेतला होता. पण मुलांना मास्कची सक्ती नव्हती, झोपायच्या खोल्यांची दारं-खिडक्या उघडी ठेवली नव्हती आणि रोज गाणी, घोषणा चालू. ज्या ३४४ जणांच्या तपासणीचे निकाल मिळाले, त्यातले २६० पॉझिटिव्ह. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्याच मेन नावाच्या राज्यात चार निवासी शिबिरं झाली, मुलं आणि कर्मचारी मिळून १,०२२ माणसं, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली. येण्याआधी घरी विलगीकरण, आल्यावर काही दिवसांनी पुन्हा तपासणी, ठरलेले गट आणि एका गटाने दुसऱ्यात मिसळायचं नाही. तीन पॉझिटिव्ह सापडले, लगेच वेगळे ठेवले, पुढे एकालाही लागण झाली नाही.

हे अमेरिकेत जमतं, आपल्याकडे नाही, असं कुणी म्हणेल. यातल्या कशाला फार पैसा लागतो ते सांगा. गट पाडायला पैसा लागत नाही. आपल्याकडे गट न पाडता काय होतं, तेही आपण पाहिलंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशीम जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत दोनशेहून जास्त मुलं एकदम पॉझिटिव्ह निघाली. अनेक जिल्ह्यांतून आलेली मुलं होती, अमरावतीकडचीही, आणि तिकडे तेव्हा साथ जोरात होती. मी त्या शाळेला दोष देत नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे तसं झालं नाही, यात आमचा शहाणपणा किती आणि नशीब किती, हे मी आजही सांगू शकत नाही.

आम्ही गट पाडला तो असा: ज्या एकत्र शिकतात त्याच एकत्र झोपतात, त्याच एका पंगतीला जेवतात, त्यांचाच नळ ठरलेला आणि नळाची वेळही ठरलेली. दोन अंथरुणांत दोन पेट्या आडव्या ठेवायच्या. टेप घेऊन कोण मोजत बसणार? पेटी प्रत्येकीकडे असते. आणि एकीचं डोकं ज्या बाजूला, शेजारणीचे पाय त्या बाजूला. मुलींना दोन दिवसांत सवय झाली.

यात एक गोष्ट मात्र फार जड गेली. दोन सख्ख्या बहिणी होत्या, एक दहावीत, एक नववीत. लहानीची वेणी कायम मोठीच घालायची. गट वेगळे झाल्यावर लहानी रोज सकाळी पडवीत यायची, मधल्या दोरीच्या अलीकडे उभी राहायची आणि मोठी पलीकडून सांगायची, "भांग सरळ पाड, डावीकडे गेलाय." चौथ्या दिवशी मी दोघींना एका खोलीत टाकलं. नियम मोडला म्हणा. पण घरी त्या एकाच गोधडीत झोपतात, एकाच जीपने एकमेकींच्या मांडीवर बसून आल्या होत्या. आराखड्यात भावंडांसाठी एक ओळ हवी होती, ती नव्हती.

आजारी खोलीचंही तेच. कागदावर "विलगीकरण कक्ष" लिहून झालं. आमचा कक्ष म्हणजे ग्रंथालय, त्याला संडास नाही. पहिली तापाची मुलगी आम्ही तिथे ठेवली, चौदा वर्षांची. रात्री तिला एकटीला त्या खोलीत झोपवायचं? ती रडायला लागली, आणि पोरीचं काय चुकलं? वसतिगृहात वरकाम करणाऱ्या कामाठी मावशींनी स्वतःहून दाराबाहेर घोंगडी टाकली. दार किलकिलं, मधे पाच-सहा फुटांचं अंतर, आणि मावशी रात्रभर तिच्याशी नागलीच्या लावणीच्या, घरच्या कोंबड्यांच्या गोष्टी बोलत होत्या. दोन वाजता मी ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ८६. माझ्या पोटात गोळा आला. १०८ ला फोन लावायला निघाले, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "बाई, हात बघा तिचा, बर्फ झालाय." हात चोळले, गरम पाण्याची पिशवी धरली, पुन्हा लावला. ९७. थंड बोटांवर ते यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. यंत्र मात्र दिलं होतं.

म्हणून म्हणते, आराखडा लिहायला बसाल तेव्हा खुर्चीत एक कामाठी आणि एक स्वयंपाकीण बसवा. रात्री कोणती मुलगी घाबरते, कोणती झोपेत चालते, पहाटे पाचला नळावर किती गर्दी असते, टाकीतलं पाणी किती वाजता संपतं, हे त्यांना ठाऊक असतं. वीस सेकंद हात धुवा म्हणायला सोपं आहे, आधी नळाला पाणी पाहिजे.

आणि ज्यांना वाटतं की एवढी कटकट कशाला, साथ आली की मुलं घरी पाठवून द्यावीत, त्यांना हात जोडून सांगते, असं म्हणू नका. घर म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. आमच्या मुलींचं घर पाड्यावर, दिवाळीनंतर आईबाप द्राक्षबागेत कामाला, दिंडोरी-निफाडकडे. मोबाइलला रेंज टेकडीवर गेलं तर. आमच्याकडे तीन वेळा पोटभर मिळतं, तिथे ते मिळेलच असं नाही. वसतिगृहातून एकदम सगळी मुलं घरी पाठवली तर आजारही त्यांच्यासोबत पाड्यावर जातो, जिथून आरोग्य केंद्र दोन तास चालत आहे आणि घरात म्हातारी माणसं आहेत. त्या वर्षी माझ्या यादीतल्या चार मुली परत आल्याच नाहीत. दोघींची लग्नं लागली. एक द्राक्षबागेत थिनिंगच्या, म्हणजे घडातले मणी विरळ करायच्या कामाला लागली, मी तिला भेटून आले, ती माझ्याशी बोलताना सारखी हात मागे लपवत होती. चौथीचा पत्ताच लागला नाही. या चौघींची नोंद कोरोनाच्या कुठल्याच आकड्यात नाही.

आश्रमशाळेतल्या मुलांच्या जिवाचा प्रश्न कोरोनाने आणला असंही नाही. २०१६ मध्ये राज्याचे माजी आरोग्य महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने यावर अहवाल दिला होता. पंधराएक वर्षांत हजाराहून जास्त मुलं गेली होती. ताप, साप, वेळेवर गाडी न मिळणं. आजारी खोली, रात्री हजर असणारी नर्स आणि दारात गाडी ही कोरोनाची सोय नाही, ती रोजची गरज आहे. ती असती तर २०२० मध्ये आम्हाला निम्मा आराखडा लिहावाच लागला नसता.

डोळ्यांची साथ आता ओसरली. या वेळी पहिल्याच रात्री आम्ही टॉवेलांवर रंगीत दोऱ्याने प्रत्येकीचा नंबर घातला आणि दोरी चार ठिकाणी वेगळी बांधली. गट जुन्याच पद्धतीने लावले. सख्ख्या बहिणी असतील त्यांना एकत्र ठेवलं.

त्या ४२ पानांच्या फाइलला मी आता पुढे एक पान जोडलंय. २३ खिडक्यांना जाळी, प्रत्येकीला दुसरं ब्लँकेट, ग्रंथालयाच्या मागे एक संडास, पाण्याची एक जादा टाकी आणि आठवड्यातून सहा रात्री मुक्कामी राहणारी नर्स. परवा स्वतः जाऊन कार्यालयात अर्ज दिला. शिक्का मारलेली पोच घेऊन आले आहे, ती फाइलच्या पहिल्या पानाला लावली आहे. १५ तारखेला पुन्हा जाणार आहे.