गार पाणी, तेल आणि कर्करोग : एक खुलासा

‘जेवणानंतर गार पाणी प्यायल्यास पोटात तेल गोठून कर्करोग होतो, म्हणूनच चिनी लोक जेवताना गरम चहा पितात’, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा निराधार आहे. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असल्याने पोटात गेलेले गार पाणी थोड्याच वेळात कोमट होते, आणि स्निग्ध पदार्थांचे पचन मुख्यतः लहान आतड्यात पित्ताच्या साहाय्याने होते. थंड पदार्थांनी प्लीहा व जठर दुबळे होतात, ही पारंपरिक चिनी वैद्यकातील धारणा मात्र जुनी आहे. चीनमध्ये पाणी उकळून पिण्याचा प्रचार १९५२ पासूनच्या देशव्यापी आरोग्य मोहिमेने केला, तो दूषित पाण्यातून होणारे रोग टाळण्यासाठी. घरोघरचे थर्मास त्याच सवयीतले. उलट, ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले आहे, आणि नेमके तेच त्या संदेशात नाही.