दिवाळीनंतरचे दूध

आमच्या फलटण तालुक्यात दिवाळीचा फराळ संपला की दुधाचा दर उतरू लागतो आणि दर वर्षी त्याचे नव्याने नवल केले जाते. वास्तविक म्हैस दिवस लहान होऊ लागले की माजावर येते, सुमारे 310 दिवस गाभण राहते आणि पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता विते. संकरित गाई बारमाही वीत असल्या तरी हिरवा चारा आणि गार हवा मिळाली की त्यांचेही दूध वाढते. म्हणजे पुष्टकाळ, दूध भरपूर येण्याचे दिवस, कधी येणार हे आधीच ठाऊक असते. नेमक्या त्याच दिवसांत सणांची खव्या-पेढ्यांची मागणी ओसरलेली असते आणि ताक, लस्सी, आइस्क्रीमला अजून अवकाश असतो.

मग जादा दुधाची भुकटी आणि बटर होते. 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) असलेल्या 100 किलो दुधातून साधारण 4 किलो बटर आणि साडेआठ किलोच्या आसपास भुकटी निघते. म्हणूनच संकलन केंद्रावरच्या दराची दोरी या दोन पदार्थांच्या बाजाराच्या हाती असते. थंडीत काढलेले क्रीम बटर होऊन शीतगृहात जाते आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमवाल्यांना किंवा पुन्हा दुधात मिसळायला बाहेर येते. ज्याच्याकडे शीतगृह, त्याला थांबता येते. आम्हाला मात्र सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते.

सरकारचे उपाय दर पडल्यावरच येतात. 2020 च्या टाळेबंदीत सरकारने दूध घेऊन भुकटी केली, जानेवारी 2024 मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले. (2018 चे दूधदराचे आंदोलन पुष्टकाळात नव्हे तर जुलैत पेटले, पण तेव्हा भुकटीचे जुने साठेच पडून होते.) माझे म्हणणे एवढेच आहे की साठवणुकीची आणि किमान दराची हमी भाद्रपदातच जाहीर व्हावी, म्हणजे कोणती गाय ठेवायची आणि किती पेंड उचलायची हे आम्हाला वेळेत ठरवता येईल.

गेल्या थंडीत माझ्या दहा दिवसांच्या बिलात दर दोनदा उतरला, पुण्यात बहिणीकडे येणाऱ्या पिशवीवरची किंमत मात्र तसूभर हलली नाही. एप्रिलमध्ये दर चढला, तेव्हा माझ्या सहा गाईंपैकी दोन आटल्या होत्या, उरलेल्यांचे दूध उन्हाने घटले होते आणि मुरघासाचा, म्हणजे मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा तळाला गेला होता.